डोंगरावर इंग्रजी, गावात जपानी

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. जपानमधल्या बेप्पू शहरी रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठात बिझनेसची पदवी संपूर्ण इंग्रजीतून करता येते, हे तिने स्वतः शोधून काढले आहे. सल्लागार म्हणतो, जपानी यायची काही गरज नाही. बाबा म्हणतात, इंग्रजीतूनच शिकायचे तर पुणे काय वाईट? पाठवावे का, आणि खर्च झेपेल का?

ताई, मी याच विद्यापीठात शिकले. नंतर सात वर्षे फुकुओकात नोकरी केली आणि आता पुण्यात जपानी शिकवते. दर वर्षी चार-पाच घरांतून हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सल्लागाराबद्दल. तो खोटे बोललेला नाही. अर्ज इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, लेक्चर, परीक्षा, प्रकल्प सगळे इंग्रजीत. मी २००५ च्या सप्टेंबरात गेले तेव्हा मला ‘आरिगातो’पलीकडे शब्द येत नव्हता आणि माझे काही अडले नाही. निदान पहिले वर्षभर तरी नाही. तो बोलला ते खरे, पण अर्धेच. उरलेले अर्धे समजायला ती जागा डोळ्यांसमोर आणावी लागेल.

बेप्पू हे क्यूशू बेटावरचे, ओइता प्रांतातले गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. लाख-सव्वा लाख वस्ती, दोन हजारांहून जास्त झरे, आणि गटारांच्या जाळ्यांतून वाफा. प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर हिरामात्सु मोरिहिको यांनी पुढाकार घेतला, प्रांताने पैसा दिला, शहराने जमीन दिली आणि एप्रिल २००० मध्ये विद्यापीठ सुरू झाले. निम्मे विद्यार्थी परदेशी असावेत हे उद्दिष्ट पहिल्या दिवसापासूनचे. आज सुमारे सहा हजार मुले आहेत आणि जवळजवळ निम्मी खरोखरच बाहेरची आहेत. विद्यापीठ गावात नाही, डोंगरावर आहे. स्टेशनवरून बसने अर्ध्या तासाच्या वर लागतो. मुले वरच्या आवाराला ‘तेंकू’ म्हणजे आकाश म्हणतात आणि खालच्या गावाला ‘गेकाई’, म्हणजे आपल्या भाषेत मृत्युलोक. थट्टेतलेच नाव, पण इंग्रजीची हद्द नेमकी त्या बसच्या थांब्याशी संपते.

वरची इंग्रजी कशी असते, हे आधी सांगते, कारण सेमी-इंग्रजी किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुली त्यालाच घाबरतात. घाबरायचे काही कारण नाही. वर्गात इंडोनेशियाची, व्हिएतनामची, थायलंडची, बांगलादेशची, उझबेकिस्तानची मुले असतात. इंग्रजी कुणाच्याच आईची भाषा नाही. शिकवणारेही कितीतरी जण इंग्रजी नंतर शिकलेले. त्यामुळे उच्चाराला कुणी हसत नाही, मुद्दा असला की लोक ऐकतात. आपल्याकडच्या नामांकित कॉलेजच्या कट्ट्यावर जे दडपण येते ते तिथे नसते. अभ्यास मात्र सत्रभर अंगावर असतो. हजेरी, छोटे निबंध, गटाने करायचे सादरीकरण हे सतत चालू. शेवटच्या महिन्यात गाइड वाचून पास होण्याची सवय पहिल्याच सत्रात मोडते. पदवीला १२४ क्रेडिट लागतात. व्यवस्थापन शाखेला २०१६ पासून अमेरिकेतल्या एएसीएसबी या संस्थेची मान्यता आहे. व्यवस्थापन महाविद्यालयांच्या जगात तिला वजन आहे.

आता उरलेले अर्धे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जपानी सक्तीचे आहे. शून्यातून सुरुवात केली तर प्राथमिकचे तीन टप्पे आणि त्यावर मध्यम, अशी साधारण चार सत्रे, म्हणजे दोन वर्षे. ती नीट केली तर माणूस जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) एन-३ पातळीच्या आसपास पोचतो. त्यावर दुकानात, दवाखान्यात, नगरपालिकेच्या खिडकीवर निभावते. नोकरीसाठी कंपन्या एन-२ मागतात, आणि लोकांशी बोलायचे काम असेल तर एन-१.

माझी गोष्ट सांगते. माझ्या वेळी परीक्षेच्या पातळ्या चारच होत्या, एन-३ ही पायरी २०१० मध्ये आली. पण आजच्या हिशेबाने मी तिसऱ्या वर्षी तिथेच होते. वर्गात सगळ्यांच्या पुढे, म्हणून खुशीत. फुकुओकात एका कंपनीच्या निवडीला गेले. सगळ्यांचे काळे सूट, सगळ्या मुलींचे केस एकाच पद्धतीने बांधलेले. सहा जणांचा गट केला, विषय दिला, वीस मिनिटे. विषय मला कळला. लोक काय बोलतात तेही बरेचसे कळले. पण मी मनात वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असायची. वीस मिनिटांत मी तीनदा ‘मलाही तसेच वाटते’ म्हणाले. परतीच्या गाडीत दोन तास समुद्र बघत बसले. त्यात वर्ष लेहमन बँक बुडाल्यानंतरच्या जागतिक मंदीचे. पुढचे वर्षभर मी डोंगरावरून रोज खाली उतरले. एका जुन्या सराईमध्ये भांडी घासली, तिथल्या ओकामी-सानकडून, म्हणजे मालकीणबाईंकडून, बोलणी खाल्ली आणि बोलायला शिकले. नोकरी मिळाली ती त्यानंतर.

म्हणून तुमच्या मुलीचे कॅलेंडर आज मांडू. पालक फीचा हिशेब कागदावर करतात, तारखांचा कुणी करत नाही.

जपानी कंपन्या नव्या पदवीधरांना एप्रिलमध्ये घेतात. या नोकरशोधाला तिथे ‘शूकात्सु’ म्हणतात. रूढ वेळापत्रकानुसार आदल्या वर्षीच्या मार्चपासून माहिती-सत्रे, जूनपासून मुलाखती, ऑक्टोबरपासून औपचारिक नेमणूकपत्रे. प्रत्यक्षात कंपन्या त्याच्याही आदल्या उन्हाळ्यात इंटर्नशिपच्या नावाखाली मुले हेरतात, आणि त्या इंटर्नशिपचे अर्ज मे-जूनमध्ये भरायचे असतात. जुलैच्या जेएलपीटीचा निकाल ऑगस्टअखेर येतो, त्याचा उपयोग नाही. म्हणजे त्या उन्हाळ्याच्या आधीच्या डिसेंबरची परीक्षा ही खरी वेळ.

मुलगी बारावीनंतर लगेच सप्टेंबरात गेली तर हा डिसेंबर तिच्या तिसऱ्या वर्षात, तिथे जाऊन सव्वादोन वर्षे झाल्यावर येतो. शून्यातून गेली असेल तर दोन वर्षे एन-३ पर्यंत पोचण्यात गेलेली असतात. उरलेल्या तीन महिन्यांत एन-२ करणारी मुलगी मी अजून पाहिलेली नाही.

आता दुसरा रस्ता. विद्यापीठाचे प्रवेश एप्रिलमध्येही होतात. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली, पुढचे वर्षभर इथे राहून जपानी केली आणि त्या पुढच्या एप्रिलला निघाली, तर पदवी चार वर्षांनी मार्चमध्ये आणि नोकरी लगेच एप्रिलमध्ये. सप्टेंबरात गेलेलीची पदवी सहा महिने आधी होते, पण बहुतेक कंपन्यांत रुजू व्हायला तिलाही तोच एप्रिल. मधले सहा महिने व्हिसाचा प्रकार बदलून घेऊन काढावे लागतात. ऑक्टोबरमध्ये भरती करणाऱ्या कंपन्या आहेत, पण थोड्या. दोघींची शर्यत एकाच दिवशी संपते, परीक्षेचा तो निर्णायक डिसेंबरही दोघींचा एकच. फरक इतकाच की एकीने शून्यापासूनची बाराखडी येन मोजून गिरवलेली असते, दुसरीने सांगली-पुण्यात रुपयांत.

‘वर्ष वाया जाईल’ हे वाक्य आता तुमच्या घरात निघणार, मला माहीत आहे. वरचा हिशेब त्यांना दाखवा. मात्र मुलगी ते वर्ष कॉलेजसारखे रोज चार-पाच तास देऊन काढणार असेल तरच हा रस्ता घ्या. आठवड्यातून दोन क्लास आणि बाकी मोबाइल असे होणार असेल, तर तिला सप्टेंबरात जाऊ द्या. निदान कानावर तरी पडेल.

तिला धीर देणारी एक गोष्ट सांगा. जपानी भाषा मराठी माणसाला जशी बसते तशी फार थोड्यांना बसते. ‘मी उद्या आईबरोबर बसने पुण्याला जाते’ याचे जपानी ‘वाताशी वा आश्ता हाहा तो बासु दे पुने नि इकिमासु’. शब्दांचा क्रम तोच. ‘बरोबर’च्या जागी ‘तो’, ‘ने’च्या जागी ‘दे’, ‘ला’च्या जागी ‘नि’, सगळे शब्दामागे चिकटलेले, क्रियापद शेवटी. ज्यांना इंग्रजीतून जपानी शिकावी लागते ती मुले इथे महिनोन् महिने अडखळतात. तू-तुम्ही-आपण वापरणाऱ्याला तिथल्या आदरार्थी रूपांचे कोडेही निम्मे सुटलेले असते. आणि त्यांची वर्णमाला? आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर नेलेल्या आपल्याच वर्णक्रमावरून आलेला आहे. ‘ह’च्या जागी पूर्वी ‘प’ होता हे कळले की क-च-त-प-य ही वर्गांची ओळ ओळखू येते. मी हे सांगते तेव्हा पोरे वही उघडून स्वतः पडताळून बघतात.

आपले घोडे अडते कांजीपाशी, म्हणजे चिनीवरून घेतलेल्या चित्रचिन्हांपाशी. नित्य वापराच्या २,१३६ चिन्हांची सरकारी यादी आहे. वर्गात चिनी मुले त्यात जन्मापासून पुढे, कोरियन मुले व्याकरणात आपल्याइतकीच सरस आणि त्यांचे कितीतरी शब्दही जुळणारे. त्यामुळे पहिल्या सत्रात आपण हुशार ठरतो आणि चौथ्या सत्रात मागे पडतो. कांजीला पर्याय नाही, रोज दहा चिन्हे हाताने लिहायची. ॲपवर ओळखता येणे आणि लिहिता येणे यांत फार अंतर आहे.

खर्चाचे. खासगी विद्यापीठ असल्याने फी वर्षाला साधारण १५ लाख येनच्या घरात धरा, नेमका आकडा त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून घ्या. येन सध्या साठ पैशांच्या खाली धरला तर हे साडेआठ लाखांच्या आसपास जाते. प्रवेशाच्या वेळीच फीमध्ये सवलत मागता येते, ती थोडीफार ते अगदी शंभर टक्के अशी मिळते. ही सवलत गुणांइतकीच अर्जातल्या निबंधावर आणि मुलाखतीवर मिळते, असा माझा अनुभव आहे. निम्मी सवलत मिळाली तर फी सव्वाचार लाख, आणि बेप्पूत राहण्या-जेवण्याला महिना ७०-८० हजार येन म्हणजे वर्षाचे पाच लाख रुपये. एकूण साडेनऊ-दहा लाख. सवलत अजिबात मिळाली नाही तर चौदा लाख, आणि तेव्हा मी कर्ज काढून पाठवा असे कधीच म्हणत नाही.

‘पार्टटाइम करून फी निघते’ हे मात्र कुणी सांगितले तर सरळ उठून या. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येते, मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तास. बेप्पूत तासाला हजार येनच्या आसपास मिळतात. अभ्यास सांभाळून आठवड्याला वीस तास काम झाले तर महिन्याला ८० हजार येन, म्हणजे राहणे-खाणे सुटते. फी नाही. शिवाय भाषा नसताना मिळणारे काम म्हणजे हॉटेलच्या खाटा लावणे आणि भांडी. काउंटरवरचे काम भाषा आल्यावर. २८ तासांच्या वर लपूनछपून काम केले तर व्हिसाच्या नूतनीकरणाला ते उघडे पडते. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलाला त्यापायी शेवटच्या वर्षी परत यावे लागले.

कागदपत्रांतल्या दोनच गोष्टी सांगते, बाकीचे विद्यापीठ नीट सांगते. सप्टेंबरच्या प्रवेशाची मुदत बहुतेकदा बारावीच्या निकालाआधी संपते, आणि ते अंदाजित गुण मागतात. आपल्या राज्य मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजांना हा प्रकार ठाऊकच नसतो. प्राचार्यांकडे वेळेवर जा, अकरावीचा आणि पूर्वपरीक्षेचा निकाल जोडून कॉलेजच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. एप्रिलचा रस्ता धरला तर निकाल हातात असतो आणि ही कटकटच नाही.

दुसरी गोष्ट पासपोर्टवरच्या नावाची. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचे नावही ‘दिलेल्या नावा’च्या रकान्यात जाते. जपानी निवास कार्डावर पासपोर्टप्रमाणे ते सगळे छापून येते. मग बँकेसाठी तेच काताकाना लिपीत लिहायचे, आणि कुलकर्णीचे ‘कुरुकारुनि’ होते. मी बँकेत वडिलांच्या नावासकट लिहिले आणि विम्याच्या अर्जावर त्याच्याशिवाय. दोन्ही ठिकाणी मी वेगळी बाई ठरले, आणि ते निस्तरायला तीन फेऱ्या पडल्या. पहिल्या दिवशी एक स्पेलिंग ठरवून कागदावर लिहून ठेवायचे आणि चार वर्षे तेच वापरायचे.

भूकंपाबद्दल प्रत्येक आई विचारते. हो, होतात. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या कुमामोतोत मोठा भूकंप झाला तेव्हा बेप्पूही जोरात हलले. इमारती त्या हिशेबाने बांधलेल्या असतात, कवायती होतात. आजारपणाचे म्हणाल तर राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि दवाखान्यात बिलाचे तीस टक्केच द्यावे लागतात. मुलगी एकटी रात्री बसने येईल याची काळजी तुम्ही सांगलीत जितकी करता त्याहून कमी तिथे करावी लागेल.

बेप्पूलाच जावे असेही नाही. तोक्योत सोफिया, वासेदाचा २००४ चा आंतरराष्ट्रीय ‘लिबरल आर्ट्स’ अभ्यासक्रम, मिताकातले १९५३ पासून शिकवणारे इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी हे जुने-जाणते पर्याय आहेत, पण तोक्योचे घरभाडे वेगळे. अकिता इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीत सगळे वर्ग इंग्रजीत आणि एक वर्ष परदेशी शिकणे सक्तीचे, थंडी मात्र सोसावी लागते. मुलगी सायन्सची असती तर मी आधी नागोया, ओसाका यांसारखी राष्ट्रीय विद्यापीठे बघायला लावली असती. तिथे वर्षाची ठरीव फी ५,३५,८०० येन, म्हणजे तीन लाख रुपयांच्या थोडी वर. कॉमर्सला इंग्रजीतून आणि सवलतीसकट पाहिजे असेल तर बेप्पू बरे पडते. लहान गाव असल्याने जपानी बोलणे टाळता येत नाही, हा माझ्या मते त्याचा मोठा गुण.

बाबांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यांत शहाणा आहे. मुलगी चार वर्षे डोंगरावरच राहणार असेल, म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या मैत्रिणी, आवारातलेच काम आणि सक्तीच्या वर्गापुरतेच जपानी, तर बाबांचे बरोबर आहे. तसे परतलेले पदवीधर मी पाहिले आहेत. पदवी चांगली, पण चाकण-रांजणगावच्या जपानी कंपनीत त्यांच्या आधी पुण्यात बी.कॉम. करता करता एन-२ झालेली मुलगी लागते, आणि तिचा खर्च त्यांच्या खर्चाचा दहावा हिस्सा. ती पुण्याची वाटही मी कमी मानत नाही. जपानमध्येही इंग्रजीवर चालणाऱ्या कंपन्या आहेत. राकुतेन या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने २०१० मध्ये कार्यालयीन भाषाच इंग्रजी करण्याचे जाहीर केले होते. पण त्या जागा बहुतांशी संगणकवाल्यांच्या, कॉमर्सवाल्यांना फार थोड्या.

त्यामुळे आता ‘पाठवू का’ हे ठरवूच नका. बारावीची परीक्षा संपली की तिला तीन महिने जपानी शिकू द्या. हिरागाना-काताकाना या दोन्ही लिप्या पाठ, शंभर कांजी, आणि रोजचा अभ्यास तुम्ही न सांगता होतो का ते बघा. आवडीने बसत असेल तर एप्रिलचा अर्ज भरा. वही धूळ खात पडली तर तिला कुणी ओरडू नका, पुण्याचे फॉर्म भरायला अजून वेळ असेल.

आणि गेलीच, तर मिक्सर देऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर नुसता कण्हतो. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, स्टीलचा इंडक्शनवाला तीन लिटरचा द्या. तुमचे घर शाकाहारी असेल तर तिला ‘दाशी’ हा शब्द आधी शिकवा. सुक्या माशाचे ते पाणी मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात असते आणि ‘मांस नाही ना?’ विचारले तर लोक प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. गोडा मसाला किलोभर द्या, पोहे जमतील तितके. तांदूळ देऊ नका, तिथला चिकट भात वरणाबरोबर महिनाभरात आवडायला लागतो.